गरोदर महिलांसाठीचे दंतआरोग्य सत्र : माहिती उत्तम, वेळ चुकीची

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर महिलांची मोफत तपासणी होते. आमच्या तालुक्याच्या रुग्णालयात त्या दिवशी, तपासणीसाठी थांबलेल्या महिलांकरिता, दात आणि हिरड्यांच्या काळजीविषयी मार्गदर्शनाचे सत्र ठेवले जाते. धाकट्या बहिणीला सहावा महिना असताना मी तिच्यासोबत या सत्राला बसले.

सत्र घेणाऱ्या दंतवैद्य बाईंनी सुरुवात केली ती हिरड्यांपासून. गरोदरपणात संप्रेरकांचे प्रमाण वाढते, त्यामुळे दातांवर साचलेल्या थराला हिरड्या एरवीपेक्षा तीव्र प्रतिसाद देतात, सुजतात आणि ब्रश लागताच त्यांतून रक्त येते. रक्त दिसले की बहुतेक जणी घाबरून ब्रश करणेच कमी करतात आणि त्याने सूज आणखी वाढते, हे त्यांनी नेमके सांगितले. बाळ आईच्या दातांतले कॅल्शियम ओढून घेते, ही पिढ्यानपिढ्या चालत आलेली समजूतही त्यांनी खोडून काढली. आहारात कॅल्शियम कमी पडले तर ते आईच्या हाडांतून घेतले जाते, दातांतून नाही.

सत्राचा सर्वांत मोलाचा भाग उपचारांच्या भीतीविषयी होता. ‘पोटुशीने दाढ काढू नये’ असे घरोघरी सांगितले जाते आणि त्यापायी बायका महिनोन्महिने ठणकती दाढ सहन करत राहतात. तातडीचा उपचार केव्हाही करता येतो, इतर कामांसाठी चौथा ते सहावा महिना सोयीचा असतो, लिग्नोकेनची भूल चालते, आवश्यक असेल तर शिशाचा एप्रन घालून दाताचा एक्स-रेही काढता येतो, हे एका डॉक्टरच्या तोंडून ऐकल्यावर शेजारच्या दोघींनी तिथेच आपापल्या दाढा दाखवायला तोंड उघडले. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक मनाने घेऊ नयेत, हा इशाराही त्यांनी ठळकपणे दिला. मिश्रीविषयी त्या रागावल्या नाहीत, हे मला फार आवडले. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, तिच्यातले निकोटिन रक्तावाटे बाळापर्यंत पोहोचते आणि बाळाचे वजन कमी भरण्याचा धोका वाढतो, एवढे शांतपणे सांगून, सोडताना त्रास होत असेल तर एकटीने येऊन भेटा, असे त्या म्हणाल्या.

एका विधानाशी मात्र मी सहमत नाही. हिरड्यांवर उपचार केले की अपुऱ्या दिवसांची प्रसूती टळते, असे तक्त्यावर लिहिले होते. हिरड्यांचा जुना आजार आणि वेळेआधीची प्रसूती यांचा संबंध अनेक अभ्यासांत आढळला आहे. तथापि गरोदरपणात उपचार करून ती टळते, असे मोठ्या चाचण्यांत सिद्ध झालेले नाही. उपचार आईसाठी आवश्यक आहेतच, त्यासाठी नसलेली हमी देण्याची गरज नाही.

खरी उणीव वेळेची आहे. ९ तारखेचे शिबिर मुख्यतः चौथ्या महिन्यापासून पुढच्या महिलांसाठी असते. उलटीनंतर लगेच ब्रश न करता, पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून खळखळून चूळ भरावी आणि अर्ध्या तासाने दात घासावेत, म्हणजे आम्लाने मऊ पडलेले दातांचे आवरण झिजत नाही, हा सल्ला पहिल्या तीन महिन्यांत मिळायला हवा. माझ्या बहिणीच्या उलट्या तोवर थांबल्याही होत्या. हेच सत्र अंगणवाडीतल्या ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिवशी झाले तर नुकतेच दिवस गेलेल्या महिलाही तिथे असतील. शिवाय सोबत आलेल्या सासवांना बाहेर व्हरांड्यात बसवले होते. दाढ काढायची की नाही, हा निर्णय अनेक घरांत त्यांच्याच हाती असतो, म्हणून त्यांना आत बसू द्यायला हवे होते.

जाणार असाल तर माता-बाल संरक्षण कार्ड आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत ठेवा आणि सत्र संपताच दंत विभागात नाव नोंदवा. त्या दिवशी तिथली नोंदणी दुपारीच बंद झाली आणि दाढ दुखणाऱ्या त्या दोघींना पुन्हा यावे लागले.