टपावरच्या कॅरिअरसोबत आठ महिने

ऑक्टोबरमध्ये गाडीच्या टपावर कॅरिअर बसवलं. माझा मातीच्या भांड्यांचा स्टॉल असतो, महिन्यातून दोनदा तरी साताऱ्याला, कोल्हापूरला किंवा नाशिकला प्रदर्शन ठरलेलं. भांडी मागच्या सीटवर मावतात. घडीची टेबलं, पाइप आणि ताडपत्री कुठे ठेवायची हा प्रश्न होता. म्हणून पुण्यातल्या नाना पेठेतून अ‍ॅल्युमिनियमच्या दोन आडव्या दांड्या आणि वर लोखंडी टोपली घेतली.

विकणारा म्हणाला, "ताई, शंभर किलो टाका, काही होत नाही." दांड्यांच्या खोक्यावर ७५ किलो छापलेलं. घरी येऊन गाडीचं मॅन्युअल काढलं, तर टपाची मर्यादा ५० किलो! अशा वेळी सगळ्यात लहान आकडा धरायचा, आणि कॅरिअरचं वजनही त्यातच मोजायचं. वजनकाट्यावर दांड्या आणि टोपली मिळून १८ किलो भरली. सामानाला उरले ३२. माझं एकेक टेबल ११ किलोचं, चारांचे झाले ४४. तेव्हापासून दोन टेबलं आणि पाइप वर, बाकीची दोन सीट पाडून खाली. उभ्या गाडीचा टप याहून बराच जास्त भार पेलतो, म्हणून दारात सामान चढवताना सगळं ठीक वाटतं. खरी परीक्षा वळणावर आणि ब्रेक लागल्यावर होते. वरचं वजन वाढलं की गाडी वळणावर जास्त कलते. खंबाटकी घाटात मला ते स्टिअरिंगवर लगेच जाणवलं.

डिसेंबरमध्ये साताऱ्याहून परतताना कात्रजचा नवा बोगदा ओलांडून नवले पुलाकडे उतरत होते. पुढच्या ट्रकने ब्रेक दाबला, मीही दाबला, आणि डोक्यावर 'खर्र' असा आवाज झाला. पोटात गोळाच आला. बाजूला थांबून पाहिलं तर टेबलं चार बोटं पुढे सरकलेली. पट्टे घट्ट होते, पण सगळे आडवे. पुढे सरकणाऱ्या सामानाला अडवणारं काहीच नव्हतं. पुढे ट्रकऐवजी दुचाकीवर कुणाचं तरी लेकरू असतं तर, हा विचार त्या रात्री डोक्यातून गेला नाही. आता टेबलांच्या कडा टोपलीच्या पुढच्या कठड्याला टेकवते, खाली रबरी मॅट घालते आणि आडव्या पट्ट्यांशिवाय पुढे-मागे ओढून धरणारे दोन पट्टे वेगळे लावते. त्यानंतर सामान हललेलं नाही.

नायलॉनची दोरी मात्र नको. ओली झाली की ताणते, आणि सकाळी घट्ट बांधलेलं दुपारी सैल होतं. पॉलिस्टरचे रॅचेट पट्टे (दांडा मागे-पुढे करून आवळायचे) घ्या. सपाट पट्टा वाऱ्यात भणभणतो. त्याला एक पीळ दिला की आवाज थांबतो. उन्हाने पट्ट्याच्या कडा विसविशीत होतात, माझा एक मार्चमध्येच टाकून द्यावा लागला.

नट-बोल्ट पहिल्या चाळीस-पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. माझे दोन सैल निघाले होते. वेग मी ८० च्या वर नेत नाही, कारण वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: ८० चे १०० केले की तो दीडपटीहून जास्त होतो.

आमच्या सुतारकाकांनी टिंबर मार्केटमधून आठ बाय चार फुटांचा १८ मिलिमीटर प्लायवूड टपावरून आणायला सांगितला होता. मी नाही म्हणाले. प्लायवूड एकच, पण तीस किलोच्या वर भरतो, आणि त्याची पुढची कड वाऱ्याने उचलली गेली की तो पंखासारखा वर ओढला जातो. त्या कामाला छोटा टेम्पो केला.

तक्रार एकच, टोपलीच्या वेल्डिंगवर पहिल्याच पावसात गंज धरला. रिकामं कॅरिअर असतानाही अ‍ॅव्हरेज लिटरमागे दीड किलोमीटरने पडतं, त्यामुळे प्रदर्शन नसेल त्या आठवड्यात काढून ठेवते. वीस मिनिटं लागतात. पुढचं प्रदर्शन नाशिकला आहे, तोवर वेल्डिंग घासून रंग द्यायचा आहे.