गॅस पाइपसाठी रस्ता खोदला : बुजवायचा कुणी?

सोसायटीत पाइप गॅस घ्यायचा हे ठरलं, की पुढचा प्रश्न खोदाईचा येतो. चर कंपनीनंच बुजवायचा, की तिच्याकडून पैसे घेऊन आपण? महापालिका आणि गॅस कंपन्या यांच्यातही वाद होतो तो याच मुद्द्यावर. कंपनीकडे शहरात जाळं टाकायची परवानगी असते ती २००६ च्या कायद्यानं नेमलेल्या केंद्रीय नियामक मंडळाची, पण रस्ता महापालिकेचा. म्हणून पालिका चराच्या दर मीटर लांबीमागे खोदाईशुल्क मागते आणि पावसाळ्यात फावडं लावू देत नाही. शुल्क फार आहे, रस्ता आम्हीच नीट करून देतो, असं कंपनीचं म्हणणं. गेटच्या आत पालिकेच्या जागी आपण असतो, एवढाच फरक.

आमच्याकडे दोन्ही करून झालं. ए विंगचा चर कंपनीनं बुजवला, पुढच्या वर्षी बी विंगचा आम्ही.

कंपनीवर सोपवण्यात सोय आहे, हे मान्य. सोसायटीला खर्च नाही, ठेकेदार शोधायला नको. शिवाय पाइप त्यांचा, त्यामुळे त्याच्याभोवती वाळू किती आणि खाली गॅस पाइप आहे असा इशारा देणारी वरची पिवळी पट्टी कुठे, हे त्यांच्या माणसांना पाठ असतं. कमिटीत वेळ देणारं कुणी नसेल तर हाच मार्ग बरा.

पण ए विंगला पहिला मोठा पाऊस झाला आणि पेव्हर ब्लॉक चराच्या रेषेत वीतभर खचले. माती एकदम लोटून वरून ब्लॉक बसवले होते. थराथरानं पाणी मारून, ठोकून घट्ट म्हणजे धुम्मस केलेलं नव्हतं. जिन्यासमोरच तळं साचलं. तळमजल्यावरच्या काकू वॉकर घेऊन रोज संध्याकाळी बाहेर येत, त्यांचं येणं थांबलं. मी कंपनीला फोन केला की ते ठेकेदाराचा नंबर देत. ठेकेदार म्हणे, माझं काम पाइपापुरतं, ब्लॉकवाला वेगळा. ब्लॉकवाला म्हणे, खालची भरणी माझी नाही. दिवाळीपर्यंत हेच चाललं. खड्डा बुजायला अर्धा दिवस लागला असता, पण तो नेमका कुणाचा हेच ठरेना. पालिका शुल्कावर का अडून बसते, ते मला तेव्हा कळलं.

बी विंगला आम्ही मीटरच्या हिशेबानं पैसे आधी घेतले. पिवळ्या पट्टीपर्यंतची भरणी कंपनीच्या सुपरवायझरसमोर त्यांच्याच माणसांनी केली, वरचे मुरमाचे थर आमच्या गवंड्यानं. पैसे थोडे कमी पडले, ते दुरुस्ती निधीतून घातले. दोन रविवार माझे तिथेच गेले. त्यानंतर दोन पावसाळे झाले, ब्लॉक जागेवर आहेत. तुमची जमीन काळ्या मातीची असेल तर अनुभव वेगळा येईल कदाचित. आमच्याकडे मुरूम आहे.

तरी मला विचाराल तर पैसे हातात घ्या. ते जमलंच नाही तर अनामत ठेवून घ्या आणि एक पूर्ण पावसाळा गेल्याशिवाय परत करू नका, तसं काम सुरू होण्याआधीच लिहून घ्या. चर उघडा असताना भिंतीपासून पाइप किती फुटांवर आहे ते टेप लावून मोजा, फोटो काढा आणि सोसायटीच्या फाइलला लावा. पुढे पाण्याची लाइन टाकायला कुणीतरी तिथेच कुदळ घालणार आहे.