कॅटरहॅम सेव्हनला इंजिन कोणतं? सिग्मा १.६ वापरल्यानंतरचा अनुभव, के-सिरीज आणि ड्युराटेकच्या तुलनेत

कॅटरहॅम सेव्हन ही छोटी, उघडी, दोन सीटची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. जुनी घ्यायची तर कोणत्या इंजिनाची, याचा आधी निकाल सांगते, कारणं मागून. गाडी मुख्यतः रस्त्यावर चालवायची, अधूनमधून ट्रॅक डे (आपली गाडी रेस ट्रॅकवर पळवायचा दिवस) करायचा आणि गॅरेजची बिलं आवाक्यात ठेवायची असतील, तर फोर्ड सिग्मा १.६ आणि पाच गिअरचा बॉक्स घ्या. ट्रॅकसाठीच गाडी हवी असेल तर २.० ड्युराटेक, तीही ड्राय सम्पसकट (तेल इंजिनाच्या तळाशी न ठेवता वेगळ्या टाकीत ठेवणारी रचना). रोव्हर के-सिरीजची गाडी स्वस्त मिळते खरी, पण हेडचं (इंजिनाच्या वरच्या भागाचं) काम कधी, कुठे आणि कोणतं गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) घालून झालं याची पावती असेल तरच तिच्याकडे वळा.

हा अनुभव इंग्लंडमधल्या वापराचा आहे. उन्हाळा-पावसाळा मिळून कित्येक महिने, बहुतेक वेळ गावाकडचे अरुंद वळणदार बी-रोड, थोडा मोटरवे, थोडा ट्रॅक. गाडी १२५ घोड्यांची (हॉर्सपॉवर) सिग्मा, वेट सम्प (तेल इंजिनाच्या तळाशीच), पाच गिअरचा टाइप ९ गिअरबॉक्स, ३.९२ चा डिफ (मागच्या चाकांचा डिफरन्शियल). के-सिरीज आणि ड्युराटेकबद्दल जे लिहिलंय ते त्या गाड्या चालवून आणि त्यांच्याखाली पाने घेऊन झोपून.

ज्यांना गाडीच नवी आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. लोटसने १९५७ मध्ये सेव्हन काढली आणि १९७३ मध्ये तिचे हक्क कॅटरहॅमकडे आले. कंपनी छोटी असल्याने स्वतःचं इंजिन बनवणं तिला कधीच परवडणारं नव्हतं. त्या त्या काळात मोठ्या कंपनीचं जे इंजिन हलकं, मुबलक आणि पुढच्या चाकांमागे गाडीच्या लांबीत बसणारं असेल ते घ्यायचं, ही पद्धत. आधी फोर्डचं केंट, मग व्हॉक्सहॉल, मग रोव्हर के-सिरीज, २००५ मध्ये एमजी रोव्हर बुडाल्यावर पुन्हा फोर्ड. म्हणूनच जुन्या बाजारात एकाच चेहऱ्याच्या गाडीत पाच-सहा वेगळी इंजिनं दिसतात आणि डोकं चक्रावतं.

सिग्मावाल्या सेव्हनचं वजन साडेपाचशे किलोच्या आसपास, म्हणजे मारुती ८०० पेक्षाही शंभरेक किलो कमी. इतक्या हलक्या गाडीत १२५ आणि १४० घोड्यांमधला फरक रस्त्यावर क्वचितच कामी येतो. जाहिराती मात्र घोड्यांच्याच असतात. या गाडीत रोज जाणवतात त्या गोष्टी तीन: टॉर्क कुठून मिळतो, गिअर किती जवळजवळ आहेत आणि लांब वळणात तेल पंपापर्यंत पोचतं का.

टॉर्कच्या बाबतीत सिग्मा चांगलं आहे. नंतरच्या सेव्हन २७० मध्ये हेच इंजिन १३५ घोडे आणि ४१०० आरपीएमला १६५ न्यूटन-मीटर देतं, ३१० मध्ये वेगळे कॅम आणि मॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरची मांडणी) घालून १५२ घोडे. आपल्या १२५ वाल्यातही अडीच हजारांपासून ओढ स्वच्छ आहे. ओल्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना पाय हलका ठेवला की मागचा भाग शहाण्यासारखा वागतो. भारतातल्या वाचकांसाठी: २००५ च्या सुमारास आपल्याकडे आलेल्या फोर्ड फिएस्टा १.६ पेट्रोलमध्ये याच घराण्याचं १५९६ सीसी इंजिन होतं. तिथे त्याला ड्युराटेक म्हणत, पण खाली ज्या दोन लिटर ड्युराटेकबद्दल लिहिलंय त्याच्याशी त्याचं काही नातं नाही. सुटे भाग मागवताना हा घोळ हमखास होतो.

गिअरबॉक्सचं गणित मात्र कागदावर मांडून बघा. टाइप ९ चे गिअर ३.६५, १.९७, १.३७, १.०० आणि ०.८२. पहिल्यात साडेसहा हजारांपर्यंत नेलं तरी ताशी जेमतेम २८ मैल होतात आणि दुसरा टाकला की आरपीएम साडेतीन हजारांवर कोसळतो. कॅटरहॅमच्या सहा गिअरच्या बॉक्समध्ये पहिला २.६९ आणि दुसरा २.०१, त्यामुळे तोच आरपीएम ४८०० च्या वर राहतो. ट्रॅकवर ही चैन वाटते. पण त्या बॉक्सचा सहावा गिअर १.०० चा, म्हणजे सरळ. तेरा इंची टायरचा घेर १.६७ मीटर धरला तर ७० मैलांना टाइप ९ वर ३६०० आरपीएम आणि सहा गिअरवर ४४००. छप्पर नसलेल्या गाडीत हे आठशे आरपीएम दोन तास कानावर आदळले की उतरल्यावर कुणाशी बोलावंसं वाटत नाही. टॉर्क असलेल्या इंजिनाला पाच गिअर पुरतात. के-सिरीज १.४ किंवा ट्यून केलेल्या, वरच्या आरपीएमला जागणाऱ्या इंजिनालाच सहाची खरी गरज.

सिग्माचं दुखणं टायमिंग बेल्टमध्ये आहे, तेही बेल्टपेक्षा तो बदलणाऱ्यात जास्त. सेव्हन वर्षाला दोन-तीन हजार मैल चालते, त्यामुळे मैलांचा आकडा कायम लहान दिसतो आणि विकणारा तोच पुढे करतो. रबर वयाने मरतं. बेल्टच्या पावतीवरची तारीख बघा, तारीख नसेल तर तो खर्च किमतीतून वजा करा. काम करताना क्रँक टीडीसी पिनला (पिस्टन सगळ्यात वर असताना क्रँक अडवणाऱ्या पिनला) टेकवायचा, कॅमच्या मागच्या खाचांत सपाट पट्टी बसवायची आणि क्रँक पुलीचा बोल्ट दर वेळी नवा घालायचा. पांढऱ्या रंगाच्या खुणा करून बेल्ट चढवणाऱ्याकडे ही गाडी नेऊ नका. बेल्टचं कव्हर उघडलंच आहे तर वॉटर पंपही बदलून घ्या. व्हॉल्व्ह क्लिअरन्स इनलेटला ०.१७ ते ०.२३ मिमी आणि एक्झॉस्टला ०.३१ ते ०.३७ मिमी. बकेट टॅपेट असल्याने हे माप लवकर हलत नाही, पण तपासलेलं बरं.

आता तेल. साध्या रस्त्याच्या टायरवर सिग्माचा वेट सम्प निभावून नेतो. चिकट ट्रॅक टायर घातले आणि लांबलचक वळण लागलं की तेल एका बाजूला चढतं, पिकअप हवा ओढतो आणि प्रेशरचा काटा क्षणभर खाली बसतो. लाल दिवा पेटेपर्यंत थांबलात तर बिग-एंड बेअरिंगचं (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाचं) जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. म्हणून ट्रॅकवर जाताना पातळी कमाल खुणेवर आणि नजर अधूनमधून प्रेशरवर. खुणेच्या वर भरण्याचा मोह मात्र टाळा, तेल घुसळून फेस होतो आणि फेस बेअरिंगला सांभाळत नाही.

के-सिरीजवाल्यांनी यावर अपोलो टाकी काढली. तेल त्या टाकीत गोल फिरतं, हवा सुटी होते आणि एकूण साठाही वाढतो. अपोलो किंवा ड्राय सम्प असलेल्या गाडीत तेलाची पातळी इंजिन गरम करून, बंद केल्याबरोबर लगेच बघायची. रात्रभर उभ्या गाडीत तेल खाली उतरलेलं असतं. तेव्हा बघून भर घातली की दुसऱ्या दिवशी ब्रीदरमधून (इंजिनातली हवा सोडणाऱ्या नळीतून) तेल बाहेर.

के-सिरीज हे या गाडीत बसलेलं सगळ्यात गोड इंजिन आहे, यावर फारसं दुमत नसावं. वजनाने हलकं, आरपीएमला आतुर. १.६ सुपरस्पोर्ट १३८ घोड्यांचं, तर आर५०० मधलं १.८ थेट २३० चं. पण त्याची बांधणी समजून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. हेड, ब्लॉक, खालची बेअरिंग शिडी आणि तिच्याखालची ऑइल रेल हे सगळं चाळीस सेंटिमीटरहून लांब अशा दहा आरपार बोल्टांनी एकत्र आवळलेलं असतं. लायनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) ओले, म्हणजे पाण्याला थेट लागलेले, असून खाली सीलंटवर टेकलेले. पाणी मुळातच कमी, थर्मोस्टॅट इनलेटच्या बाजूला. इंजिन तापून थर्मोस्टॅट उघडला की रेडिएटरमधलं थंड पाणी एकदम आत येतं, पुन्हा थर्मोस्टॅट बंद होतो. या चढउतारात हेड आणि ब्लॉक वेगवेगळे हलतात आणि गॅस्केटवरचा सिलिकॉनचा मणी सुटतो. काही वर्षांच्या इंजिनांत हेड बसवायचे डॉवेल (जागा धरणाऱ्या खुंट्या) प्लॅस्टिकचे होते, तेही या हलण्याला रोखू शकले नाहीत. नंतर स्टीलचे आले.

दुरुस्तीची चांगली रीत अशी: स्टीलचे डॉवेल, अनेक पातळ पत्र्यांचं स्टील गॅस्केट, मजबूत ऑइल रेल, नवे बोल्ट. लायनर ब्लॉकच्या पातळीपेक्षा साधारण ०.१ मिमी वर असले पाहिजेत. ते खाली बसले असतील तर कितीही भारी गॅस्केट घाला, काही महिन्यांत परत तेच. हेड काढल्यावर लायनर क्लॅम्पने धरून ठेवायचे. क्लॅम्प न लावता क्रँक फिरवला तर लायनर उचलले जातात, खालचं सीलंट फाटतं आणि पाणी सम्पमध्ये झिरपतं. मग हेडचं काम बघता बघता पूर्ण इंजिन खोलण्यावर जातं. बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने २० न्यूटन-मीटर, मग १८० अंश, पुन्हा १८० अंश. दुसरे १८० अंश फिरवताना बोल्ट ताणला जातोय हे हातात जाणवतं आणि पहिल्यांदा करणारा तिथेच थबकतो. थबकू नका, पूर्ण फिरवा.

के-सिरीजचं पाणी कमी होतंय म्हणजे हेड गॅस्केटच गेलं असं मात्र नसतं. इनलेट मॅनिफोल्डचं गॅस्केटही पाणी गाळतं आणि तो खर्च किरकोळ आहे. एक्स्पान्शन बाटलीवर निळ्या द्रवाची चाचणी करा. ज्वलनाचा वायू पाण्यात येत असेल तर द्रव पिवळा पडतो. निळाच राहिला तर आधी मॅनिफोल्ड तपासा. स्टार्टर नुसता 'टिक' करत असेल तर मोटर बदलायची घाई नको. बऱ्याचदा रिलेंचा एकत्र डबा थकलेला असतो. स्टार्टरच्या वायरीला वेगळा रिले जोडला की काम भागतं.

ड्युराटेक २.० हे मजबूत, चेनचं, मूळ माझ्दाच्या घराण्यातलं इंजिन. बोअर ८७.५, स्ट्रोक ८३.१ मिमी. सेव्हन ३६० मध्ये १८० घोडे, ४२० मध्ये २१०. चेन आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. क्रँकच्या स्प्रॉकेटला (चेनच्या दातेरी चाकाला) जागेवर अडकवणारी खुंटी नसते, सगळं टायमिंग एका बोल्टच्या दाबावर टिकून असतं. तो बोल्ट एकदाच वापरायचा, १०० न्यूटन-मीटर आणि वर ९० अंश. कुणी क्रँक सील बदलताना जुनाच बोल्ट परत लावला असेल तर वरच्या आरपीएमला स्प्रॉकेट सरकून व्हॉल्व्ह पिस्टनला भेटतात. ऑइल पंपाचं स्प्रॉकेटही त्याच बोल्टच्या दाबावर फिरतं. म्हणून ड्युराटेक घेताना पहिला प्रश्न 'पुढची पुली कधी काढली होती, आणि कुणी?' हा विचारा. रस्त्यावर १८० घोडे पुरून उरतात. २१० वाल्यात टॉर्कचा शेंडा ६३०० आरपीएमला आहे, तिथे बी-रोडवर पोचेपर्यंत लायसन्स धोक्यात. रोलर बॅरल (फिरत्या नळीचे थ्रॉटल) लावलेल्या गाड्यांचा इनटेकचा आवाज कानाला मस्त लागतो, पण ट्रॅक डेच्या आवाजमर्यादेत तोही मोजला जातो.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. जुनं केंट क्रॉसफ्लो खडखडीत आणि सोपं. बिनशिशाच्या पेट्रोलसाठी व्हॉल्व्ह सीट कडक केल्यात का आणि इंधनाचे रबरी पाइप इथेनॉल सोसणारे आहेत का, एवढं विचारा. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० (दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं) आहे, जुन्या गाडीत ९७ ऑक्टेनचं ई५ भरा. व्हॉक्सहॉल २.० एक्सई तगडं पण जड. त्याचं हेड कॉसकास्टचं (कॉसवर्थच्या ओतकामाचं) असावं, दुसऱ्या प्रकारचं हेड सच्छिद्र होऊन तेल पाण्यात उतरतं. सुझुकीच्या ६६० सीसी टर्बोची सेव्हन १७० फक्त ८४ घोड्यांची, ४४० किलोची आणि १४७० मिमी रुंद. अरुंद रस्त्यांवर ती मोठ्यांना मागे टाकते, मोटरवेवर मात्र जीव नकोसा करते.

लंडनमध्ये किंवा जवळपास राहणाऱ्यांनी यूलेझचं (जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांना रोजचा आकार लावणाऱ्या क्षेत्राचं) पाहावं. २९ ऑगस्ट २०२३ पासून शहराचे सगळे बरो (प्रशासकीय विभाग) त्यात आले आहेत. पेट्रोल गाडी युरो ४ या प्रदूषण मानकात बसत नसेल तर दिवसाला साडेबारा पौंड. ४० वर्षं ओलांडलेल्या ऐतिहासिक गाड्या सुटतात. म्हणजे जुनी क्रॉसफ्लो सुटू शकते आणि १९९० च्या दशकातली के-सिरीज अडकते. नंबर घालून आधी तपासा, विकणाऱ्याच्या तोंडी ग्वाहीवर जाऊ नका.

बघायला जाताना टॉर्च आणि छोटा आरसा न्या. सेव्हनमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा सम्प सगळ्यात खाली लोंबतो, स्पीडब्रेकरचा पहिला फटका त्यालाच. कडांवरचे ओरखडे चालतील. केसासारखी भेग किंवा वेल्डिंगचा ठिपका दिसला तर सम्पचे पैसे वजा करा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जोडापाशी काळी काजळी असेल तर तिथून वायू गळतोय. आणि इंजिन पूर्ण थंड असतानाच सुरू करायला सांगा. तुम्ही पोचण्याआधी गाडी 'जरा गरम करून ठेवली' असेल, तर चहा घ्या, गप्पा मारा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत या.