घासाघीस न करणारं गिऱ्हाईक

पलंग अजून आतल्या खोलीतच आहे. तो विकायला निघाले आणि माझेच 36,995 रुपये गेले. दीड महिना मी हे कुणापाशी बोलले नाही, माहेरी तर अजून माहीत नाही. आज लिहितेय, कारण गेल्या आठवड्यात आमच्याच सोसायटीतल्या एका मुलाचे वॉशिंग मशीन विकताना अगदी याच पद्धतीने 14,000 रुपये गेले. मी वेळेवर तोंड उघडलं असतं तर त्याचे वाचले असते. स्वतःच्या पैशांपेक्षा ही बोच जास्त आहे.

आधी एक सांगते. मी अडाणी नाही. सहा वर्षं सोसायटीची खजिनदार आहे. बेचाळीस फ्लॅटचा मेंटेनन्स, टँकरची बिलं, लिफ्टवाल्याचे पैसे, सगळं माझ्या हातून जातं आणि बहुतेक यूपीआयवरूनच. पैसे घ्यायला पिन लागत नाही हे मला माहीत होतं. आमच्या वॉचमनला मीच हे शिकवलंय. तेव्हा "एवढं साधं कळलं नाही का?" असं ज्यांना वाटेल त्यांनी पुढचं नीट वाचा. माहीत असणं आणि त्या क्षणी आठवणं यात फार अंतर असतं.

पलंग आमच्या नानांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. 1999 साली त्यांनी सुरगाण्याकडचा साग आणून सुताराकडून घरीच करून घेतला होता. डोक्याकडच्या फळीवर मोर कोरलेला आहे, त्याची चोच तुटली आहे. नाना गेले, मुलीची बारावी आली, तिला अभ्यासाला खोली हवी होती. म्हणून 28 ऑक्टोबरला, दिवाळी आटोपल्यावर, जाहिरात टाकली. किंमत 18,500. चोचीचा फोटो मुद्दाम जवळून काढून टाकला, उगाच नंतर कुणी बोलायला नको.

ज्यांनी कधी जुनं सामान ऑनलाइन विकलंय त्यांना पुढचे एकोणीस दिवस सांगायला नकोत. "आहे का अजून?" आहे म्हटलं की गायब. "लास्ट किती?" "3,000 में देते हो तो अभी आता हूँ." एकाने सागवान नाहीच म्हणून माझ्याशी वाद घातला, पलंग न बघता. एक जोडपं इंदिरानगरहून शनिवारी पाच वाजता येतो म्हणालं. मी पलंग पुसून, गादी काढून, चहाचं आधण ठेवून बसले. साडेसातला फोन केला तर नंबर ब्लॉक. दुसरे एक गृहस्थ आले, टेप लावून मापं घेतली, मोराला हात लावून बघितला आणि 6,000 देईन म्हणाले. साठ-पासष्ट मेसेज आले असतील. रोज रात्री जेवणं झाली की मी त्यांना उत्तरं देत बसायची. शेवटी शेवटी मी पार वैतागले होते, आणि या भामट्यांना नेमका असाच वैतागलेला माणूस लागतो.

16 नोव्हेंबर, रविवार, सकाळी अकराच्या सुमारास फोन आला. "जय हिंद मॅडम." देवळाली कॅम्पला पोस्टिंग आहे, फॅमिली आणतोय, क्वार्टरमध्ये पलंग हवा. 18,500 फायनल, मंजूर. पेमेंट आत्ता, गाडी उद्या. लगेच व्हॉट्सॲपवर गणवेशातला फोटो, ओळखपत्र, कॅन्टीन कार्ड आणि आधार, सगळं येऊन पडलं. आमच्या नाशिकमध्ये कॅम्पातला फौजी म्हणजे रोजची गोष्ट आहे. माझा सख्खा मामा सैन्यात होता. गणवेश बघितला की माझी मान आपोआप झुकते, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. लाज वेगळ्याच गोष्टीची वाटते.

त्याने एक रुपया कमी करायला सांगितलं नाही. एकोणीस दिवस प्रत्येक माणसाने किंमत पाडून मागितली आणि हा एका दमात हो म्हणाला. मला इतकं हायसं वाटलं, की डोकं तिथेच बंद झालं. पलंग सुटा होतो का, त्याने विचारलं नाही. कितवा मजला, विचारलं नाही. लिफ्टमध्ये बसेल का, लांबी-रुंदी किती, चोचीचं काय, काहीच नाही. सागवानी पलंग सातव्या मजल्यावरून उतरवायचा आहे आणि घेणाऱ्याला त्याची काळजीच नाही! तो 6,000 वाला माणूस खरा गिऱ्हाईक होता, कारण तो टेप घेऊन आला होता. हे मला आता कळतंय.

मग तो नेहमीचा खेळ. "मॅडम, आर्मी का अकाउंट है, नॉर्मल ट्रान्सफर नहीं होता." दुसरा एखादा नंबर द्या म्हणाला, मी मुलीचा दिला. तिच्या फोनवर क्यूआर कोड आला, वर हिरव्या अक्षरांत "रिसीव्ह". तो माझ्या फोनने स्कॅन करायचा. आधी पाच रुपयांचा. पिन टाकला, पाच गेले आणि पाचव्या सेकंदाला दहा परत आले. "देखा मॅडम? डबल आया ना? यही प्रोसेस है." डोळ्यांदेखत दहा रुपये जमा झालेले पाहिले की पिनचा नियम कुठल्या कुठे जातो. ते दहा रुपये म्हणजे गळाला लावलेलं गांडूळ.

11 वाजून 22 मिनिटांनी 9,250 चा कोड आला. कुकरची दुसरी शिटी झाली होती, फोन स्पीकरवर होता, तो सारखा "जल्दी कीजिए, ड्यूटी पे जाना है" म्हणत होता. पिन टाकायच्या पानावर वरच्या बाजूला पैसे कुणाला जाताहेत ते नाव येतं. तिथे कुठल्यातरी मोबाइलच्या दुकानाचं नाव होतं. मी ते वाचलं. वाचूनच थांबले नाही, मोठ्याने विचारलंसुद्धा, "ये किसका नाम आ रहा है?" तो म्हणाला, "कॅन्टीन के ठेकेदार का है, हमारा पेमेंट वहीं से होता है." आणि मी पिन टाकला.

या एका क्षणाने मला रात्र रात्र जागवलंय. टँकरवाल्याच्या बिलावर नावात एक अक्षर चुकलं तर मी बिल परत पाठवते. त्याच मी, समोर परकं नाव दिसत असताना, ते परकं आहे हे ओळखून, विचारून, वर त्याचं उत्तर ऐकून चार आकडे दाबले.

9,250 कापले गेले. तो जराही गडबडला नाही. सर्व्हरमध्ये अडकलेत, तेवढीच रक्कम पुन्हा केली की दोन्ही सुटतील. पुन्हा 9,250. मग "टोटल मॅच करनी पडेगी" म्हणून 18,500. तोवर मी विकणारी राहिलेच नव्हते, गेलेले परत आणायला धावणारी झाले होते. 11.38 ला त्याने 37,000 चा कोड पाठवला तेव्हा मुलीने माझ्या हातातून फोन ओढून घेतला. 37,005 गेले, 10 आले.

त्याच मिनिटाला मी बँकेच्या कस्टमर केअरला फोन लावला. शिल्लक हवी असेल तर 1 दाबा, कर्जासाठी 2 दाबा, मध्येच गाणं. पंचवीस मिनिटांनी माणूस मिळाला आणि त्याने काय सांगितलं, तर शाखेत जा. रविवारी! त्या माणसाने फक्त एवढं सांगायचं होतं, की ताबडतोब 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा. नाही सांगितलं. मुलीने शोधलं. 12.50 ला 1930 वर तक्रार नोंदली, पावती क्रमांक आला, पण तोवर सव्वा तास गेला होता आणि पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पांगले होते. म्हणून आधी 1930, मग बँक. आधी 1930. हे फ्रिजवर चिकटवून ठेवा.

सोमवारी शाखेत गेले. काचेपलीकडचे साहेब कॉम्प्युटरवरून मान न उचलता म्हणाले, "पिन तुम्ही टाकलाय ना? मग व्यवहार ऑथराइज्ड आहे." रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक मी नंतर दोनदा वाचलं. तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर भुर्दंड नाही हे त्यात आहे, पण ग्राहकाच्या हयगयीने पैसे गेले तर तक्रार करेपर्यंतचं नुकसान त्याचंच, हेही आहे. मान्य. पिन मी टाकला. पण ज्या खात्यात गेले ते खातं कुणीतरी उघडून दिलंय ना? कागदपत्रं तपासूनच ना? मला पॅनकार्डावरची सही जुळत नाही म्हणून तीन वेळा परत पाठवणारी ही व्यवस्था भामट्यांना खाती कशी देते, याचं उत्तर मला कुणी दिलं नाही. लेखी तक्रार करून पोच मात्र घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. मी गेलेय.

आणि पोलीस स्टेशन. रविवारी दुपारी दोन वाजता गेले तर "सायबरचे साहेब उद्या येतील." उद्या गेले तर अर्ज दोन प्रतींत आणा, सोबत बँकेचं शिक्क्याचं स्टेटमेंट. बँकेत गेले तर शिक्का मारायला पोलिसांचं पत्र लागेल. पोलीस म्हणाले, स्टेटमेंटशिवाय पत्र कसं देणार? अशा पाच खेपा झाल्या. रिक्षालाच 840 रुपये गेले. पाचव्या खेपेला हवालदार म्हणाले, "मॅडम, परवा एकाचे 48 लाख गेलेत, तुम्ही 37 हजाराचं काय घेऊन बसलात?" बाकावर माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक घेऊन बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. त्यांचे किती गेले होते ते मी विचारलं नाही.

37 हजार म्हणजे माझ्या मुलीच्या क्लासचा हप्ता आहे, साहेब. 48 लाखवाल्याची चोरी मोठी म्हणून माझ्याकडची चोरी होत नाही का? तुम्ही घेत नाही म्हणूनच हे भामटे पाच हजार, पंधरा हजार, तीस हजार असे तुकडे तोडतात. त्यांना पक्कं ठाऊक आहे की एवढ्यासाठी कुणी हलणार नाही.

गुन्हा दाखल करा म्हटलं तर नंबर राजस्थानचा, खातं बंगालचं, हद्द आमची नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये स्पष्ट लिहिलंय, की गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची. मी कलम सांगितलं. त्यावर "तुम्ही वकील आहात का?" असं उत्तर मिळालं. शिकलेल्या बाईने फसायचं नाही आणि फसली तर कायदा बोलायचा नाही. आजही माझ्याकडे फक्त तक्रार अर्जाची पोच आहे, एफआयआर नाही. कुठल्याशा खात्यात 4,120 रुपये गोठवलेत म्हणे, ते सोडवायला कोर्टाचा आदेश लागेल असं सांगितलं.

ज्या ॲपवर जाहिरात टाकली होती त्यांना सगळे स्क्रीनशॉट पाठवले. "आपला अभिप्राय आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" एवढंच आलं, मशीनने लिहिलेलं. स्क्रीनशॉट मात्र पहिल्या मिनिटाला काढा. माझ्याशी बोलता बोलता त्याने निम्मे मेसेज डिलीट केले होते. आणि ऑक्टोबर 2025 पासून माणसामाणसांतली पैसे मागायची रिक्वेस्ट यूपीआयवरून बंद झाली म्हणून निर्धास्त राहू नका, क्यूआर कोड कुठे बंद झालाय? विक्रीसाठी वेगळं खातं ठेवा, त्यात पाचशे रुपये असू देत. नंबरचा संशय आला तर सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर संशयित नंबर तपासायची सोय आहे, मला ती नंतर कळली. घेणारा दारात येऊन वस्तूला हात लावत नाही तोवर पैशांचं बोलूच नका.

तक्रारीनंतर नवव्या दिवशी आणखी एक फोन आला. "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचा रिफंड मंजूर झालाय, 1,499 प्रोसेसिंग फी भरा." अस्सल मराठी, वऱ्हाडी हेल. माझं नाव, रक्कम, तारीख, सगळं त्याला माहीत होतं. मी फोन कापला, पण क्षणभर, खरं सांगते, क्षणभर आशा वाटली होती. फसलेल्या माणसाला हे दुसऱ्यांदा गाठतात.

आता जे पोलिसांनाही मी तिसऱ्या खेपेला सांगितलं ते. पैसे पाठवायच्या आधी त्याने गेटपाससाठी म्हणून माझं आधार मागितलं होतं. त्याने त्याचं पाठवलं, मग मी माझं पाठवलं, पुढची बाजू आणि मागचीही. ओळखपत्रावरचा तो जवान कोण असेल हे माझ्या नंतर लक्षात आलं. त्यानेही कधीतरी कुणाला तरी विश्वासाने कार्ड पाठवलं असणार. मी बायोमेट्रिक लॉक केलंय, पण फोटो त्यांच्याकडे आहेच. तेव्हा उद्या नाशिकच्या कुणा बाईचं आधार "ही बघा माझी ओळख" म्हणून तुम्हाला आलं, पन्नाशीची, चष्मा, कपाळावर मोठी टिकली, तर ती मी असू शकते. मी फ्लॅट भाड्याने देत नाहीये, स्कूटर विकत नाहीये, कुणाकडून ॲडव्हान्स मागत नाहीये. पैसे पाठवू नका. आधी 1930 ला फोन करा.