डॉल्फिनचे पर ओळखायचे कुठे: आपल्या संगणकावर की सामाईक संकेतस्थळावर?

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीहून चोर्ला घाट उतरून गोव्याला, आंबोलीमार्गे वेंगुर्ला-मालवणला किंवा थेट कारवारला जाऊन हंपबॅक डॉल्फिनची छायाचित्रे जमवणाऱ्यांना पुढे एक निवड करावीच लागते. पाठीवरच्या परावरील खाचांवरून एकेक डॉल्फिन वेगळा ओळखण्याचे काम आपल्याच संगणकावर करायचे, की छायाचित्रे सामाईक संकेतस्थळावर चढवायची? मी दोन्ही करून पाहिले आहे.

पहिल्या प्रकारात फ्लोरिडातील एकर्ड कॉलेजचा ‘डार्विन’ हा मोफत प्रोग्रॅम मोडतो. तो पराची कड रेखतो, मागच्या कडेवरील खाचा जुळवून पाहतो आणि मिळत्याजुळत्या परांची क्रमवार यादी पुढे ठेवतो. शेवटचा निवाडा आपलाच. पराच्या बुडाशी फेस किंवा उन्हाची चकाकी आली, की रेघ पर सोडून लाटेवर चढते आणि तिचा एकेक ठिपका धरून पुन्हा कडेवर आणावा लागतो. काम कंटाळवाणे खरे; पण त्या ओढाताणीत प्रत्येक खाच डोळ्यांत इतकी बसते, की यादीतील पहिला पर चुकीचा असला तर मला तो बहुधा पाहताक्षणीच खटकतो.

दुसऱ्या प्रकाराचे बळ मोठे आहे. हॅपीव्हेल, फ्लूकबुक अशा सामाईक संकेतस्थळांवर देशोदेशींची छायाचित्रे एकत्र येतात. 2017 मध्ये ओमानजवळ उपग्रहावरून माग काढणारा टॅग लावलेली हंपबॅक व्हेलची मादी अरबी समुद्र ओलांडून भारताच्या किनाऱ्याकडे आली होती. अशा प्राण्याची ओळख एकट्याच्या संग्रहातून पटणे अशक्यच. व्हेलवर काम करायचे असेल, तर पुढचे वाचण्याचीही गरज नाही.

माझे घोडे अडले ते ठिकाणाच्या रकान्यात. अशाच एका संकेतस्थळावर (नाव घेत नाही) ठिकाण तयार यादीतूनच निवडावे लागे आणि जुळणीही त्याच ठिकाणच्या परांशी होई. काळी नदीच्या मुखाशी टिपलेला डॉल्फिन कारवारच्या नावावर घातला आणि तोच उद्या गोव्याच्या हद्दीतल्या पोळे गावाच्या बाजूला दिसला, तर दोन नोंदी समोरासमोर येणार कशा? हवे ते ठिकाण यादीत घालून घेण्यासाठी विनंती करायची, उत्तराची वाट पाहायची आणि मग नोंदींचा तक्ता पुन्हा चढवायचा. हद्दीचा वाद आम्हा सीमाभागातल्यांच्या पाचवीला पुजलेला आहेच. तो परांच्या नोंदवहीतही यावा, हे जरा अतीच झाले.

सगळीच संकेतस्थळे अशी असतील असे नाही, आणि नोंदी काटेकोर ठेवणाऱ्या मोठ्या गटाला ही शिस्त उपयोगीही पडेल. खाचा नसलेल्या पिल्लांपुढे मात्र दोन्ही पद्धती सारख्याच हतबल ठरतात. तरीही संग्रह लहान असेल आणि फिरणे मालवण ते कारवार एवढ्याच पट्ट्यात असेल, तर मी आधी आपल्या संगणकावरच काम सुरू करण्यास सुचवेन. मूळ छायाचित्रे न कापता ठेवावीत आणि प्रत्येकासोबत तारीख व अक्षांश-रेखांश लिहावेत, म्हणजे पुढे ती सामाईक संग्रहात देतानाही अडचण येणार नाही.