टॉक आणि राइट: तीस वर्षांनी परत वापरून बघितलं

गेल्या रविवारी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं आणि सहज म्हणून युनिक्सचे (लिनक्स जिच्या वळणावर गेलं ती जुनी ऑपरेटिंग सिस्टिम) ते दोन म्हातारे चॅट प्रोग्राम चालवून बघितले, राइट आणि टॉक. 1994 च्या आसपास आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये एकच 486 मशीन होतं आणि त्याला वायरींनी जोडलेली डझनभर टर्मिनलं, म्हणजे सगळा वर्ग एकाच कॉम्प्युटरवर बसलेला, तेव्हा आमच्या गप्पा याच दोघांवर चालायच्या आणि त्याही रोमन अक्षरांतल्या मराठीत, कारण त्या टर्मिनलांवर देवनागरी उमटायचीच नाही.

आधी राइट. समोरच्याचं लॉगिन नाव द्यायचं, ओळ टाइप करायची, एंटर मारला की ती त्याच्या स्क्रीनवर जाऊन आदळते. आदळते हाच शब्द बरोबर आहे, कारण तो व्हीआय या एडिटरमध्ये असाइनमेंट लिहीत असला तरी बरोबर मधोमध आपलं "चहाला येतो का" जाऊन बसणार. फाइलला काही होत नाही हां, कंट्रोल-एल दाबलं की स्क्रीन परत नीट होतो, पण नव्या पोरांना हे कुठं माहीत, ते बिचारे तो चहा डिलीट करायच्या नादात स्वतःचाच कोड उडवून बसायचे. आत जादू काही नाही, युनिक्सच्या लेखी टर्मिनल म्हणजे पण एक फाइलच, राइट त्या फाइलीत लिहितो एवढंच. त्रास नको असेल तर मेस्ग एन ही कमांड मारायची, की दुसऱ्यांची लिहायची परवानगी बंद. रूटला, म्हणजे मशीनच्या मुख्य अ‍ॅडमिनला, मात्र ते लागू नाही, त्यामुळे सरांची ओळ यायचीच.

आणि कोण कधी बोलणार याचा काही पत्ता नसतो, दोघं एकदम लिहायला लागले की नुसती खिचडी. म्हणून ओळीच्या शेवटी ओ टाकायचा, म्हणजे आता तू बोल, आणि ओओ म्हणजे संपलं, वायरलेसवर ओव्हर म्हणतात तसं. हे आम्ही काढलेलं नाही, राइटच्या मॅन्युअलमध्येच तसा संकेत दिलाय. प्रोग्रामला जे जमत नाही ते माणसांनी सांभाळून घ्यायचं असा सगळा कारभार. राइटला 5 पैकी 2, तेही जुनी ओळख म्हणून.

टॉक मात्र वेगळीच चीज आहे. हा 4.2 बीएसडीबरोबर, म्हणजे बर्कलीच्या युनिक्सबरोबर आला, 1983 ला. स्क्रीन मधून आडवा कापलेला, वर आपण आणि खाली समोरचा, आणि मुख्य म्हणजे एंटरची वाटच बघत नाही, एकेक अक्षर टाइप होईल तसं पलीकडे दिसतं. तसं इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो सिस्टिमवर डग ब्राउन आणि डेव्हिड वूली यांनी 1973 लाच टॉकोमॅटिक केलं होतं, त्यात एका चॅनलवर पाच जण, प्रत्येकाला आपापली पट्टी आणि तिथंपण अक्षर न् अक्षर लाइव्ह. टॉकमध्ये दोनच माणसं, तिसऱ्याला घ्यायचं तर वायटॉक नावाचा वेगळा प्रोग्राम लागायचा.

पण चालू करणं म्हणजे डोक्याला ताप. टॉक टाकला, मागे बसून कॉल जोडून देणारा टॉकडी टाकला, तो टॉकडी स्वतः उठत नाही, त्याला उठवायला आयनेटडी नावाचा आणखी एक प्रोग्राम, तोपण टाकला. मग पुतणीला तिच्या लॅपटॉपवरून माझ्या मशीनवर लॉगिन करायला लावलं. ती शेजारच्या खुर्चीत बसून मला कॉल करतेय आणि तिला उत्तर काय, तर समोरची पार्टी लॉग ऑन नाही! अर्धा तास गेल्यावर कळलं की डेस्कटॉपवर उघडलेली टर्मिनल विंडो हल्ली लॉगिनच्या यादीत धरलीच जात नाही, मीपण एसएसएचने (नेटवर्कवरून लॉगिन करायचा प्रोग्राम) माझ्याच मशीनमध्ये परत शिरलो तेव्हा कुठं रिंग वाजली.

दोन मशीनमध्ये तर याचं दुखणं मुळातूनच आहे. जुना टॉक मेमरीतले बाइट जसेच्या तसे नेटवर्कवर ढकलायचा, आणि व्हॅक्स आणि सन या त्या काळच्या दोन कंपन्यांच्या मशीनांत बाइटची क्रमवारी उलटी, म्हणजे एकाचं बोलणं दुसऱ्याला कळायचंच नाही. 4.3 बीएसडीत ते सुधारलं पण नवा प्रोटोकॉल 518 पोर्टवर, म्हणजे मशीनच्या त्या नंबरच्या दारावर, आणि जुना 517 वर, की झाली दोन घरं. शिवाय टॉकडी फक्त गाठ घालून देतो, पुढचं कनेक्शन दोन प्रोग्राम थेट जोडतात, मधे फायरवॉल आला की खेळ खल्लास. आणि एन्क्रिप्शनचं तर नावच काढू नका.

एवढं सगळं होऊन लागला एकदाचा, आणि मग मजा आली राव. आपण वाक्य पुरं करायच्या आधीच समोरचा उत्तर द्यायला लागतो, दोघं एकदम लिहितात तरी गोंधळ नाही कारण जागा वेगळ्या. व्हॉट्सॅपवर तीन ठिपके नाचताना बघत बसतो आपण, इथं ठिपक्यांच्या आत काय चाललंय तेच दिसतं. पुतणीनं आधी "जेवण मस्त होतं" लिहिलं, खोडलं, मग "भाजी खारट होती" लिहिलं, परत खोडलं, मग नुसतंच "झालं का तुमचं". मी लिहिलं, खारट होती हे मान्य आहे. ती खुर्चीतून ओरडली, काका, खोडलेलंपण दिसतं का? म्हटलं हो, मघापासून. शी, असलं कोण वापरतं म्हणाली आणि कंट्रोल-सी मारून, टॉक बंद करून मोकळी.

टॉकला 4. एक मार्क त्या आयनेटडीचा कापला. आता धाकट्या भावाला बसवून बघतो, तो तर दर वाक्य तीनदा खोडतो.