वॅगनआर १.० पेट्रोल : १४ महिने, १६ हजार किलोमीटर आणि एक उंदीर

२०२४च्या गुढीपाडव्याला घेतलेली १.० लिटरची मॅन्युअल वॅगनआर आता १६,२०० किलोमीटर चालली आहे. मी राहतो कासारवडवलीला, ऑफिस महाप्याला. आठवड्याचे चार दिवस घोडबंदर रोड, कापूरबावडी, कळवा, विटावा, ऐरोली आणि पुढे ठाणे-बेलापूर रोड. सुट्टीत कधीतरी माळशेज घाटाने जुन्नर. एवढ्यात मी तीनदा इंजिनाला शिव्या घातल्या आणि तिन्ही वेळा त्या गिळाव्या लागल्या.

आधी आकडे. ९९८ सीसी, तीन सिलिंडर, ५,५०० आरपीएमला (म्हणजे इंजिनाचे मिनिटाला तेवढे फेरे) ६७ पीएस ताकद, ३,५०० आरपीएमला ८९ न्यूटनमीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर. दर सिलिंडरला पेट्रोल फवारणारे दोन इंजेक्टर, म्हणून नाव ड्युअलजेट. टायमिंगला बेल्ट नाही, चेन आहे, त्यामुळे ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलायचा खर्च नाही. गाडी घेताना सगळे ६७ हा आकडा बघतात, मीही तोच बघितला. बघायला हवा होता तो टॉर्कच्या शेजारचा ३,५००.

बाबांनी १७ वर्षं मारुती ८०० चालवली. गाडी चाळीसच्या आसपास आली की वरचा गिअर, पेट्रोल वाचतं, ही त्यांची शिकवण. मीही तसंच चालवायचो. गायमुखच्या चढाला चार माणसं, एसी चालू, चौथा गिअर, आणि गाडी अशी घरघरायला लागायची की डब्यात खडे घालून कोणी हलवतंय. अॅक्सिलरेटर पार खाली दाबला तरी ढिम्म. घरी येऊन जाहीर केलं, इंजिनात दम नाही.

मग माळशेज. एका वळणावर पुढचा टेम्पो जवळजवळ थांबला, म्हणून नाइलाजाने दुसरा टाकला. इंजिन ओरडलं आणि गाडी सरसर वर निघाली. शेजारून बाबा म्हणाले, "अरे, रडतंय ते, टाक वरचा." नाही टाकला. पुढचा सगळा घाट दुसऱ्या-तिसऱ्यावर काढला, टेंपरेचरचा दिवा नाही, वास नाही, काही नाही. साधी गोष्ट होती. तीन सिलिंडरमध्ये क्रँक, म्हणजे इंजिनाचा फिरणारा दांडा, २४० अंश फिरल्यावर एक ठिणगी पडते, चारमध्ये १८० अंशांवर. आरपीएम कमी असताना दोन धक्क्यांमधली ही फट अंगाला जाणवते, आणि टॉर्क तर वर ३,५०० ला बसलाय. खालच्या आरपीएमला वरचा गिअर लावून रेटणं हेच इंजिनाला जाच आहे. ओरडणं नव्हे. आता चढ दिसला की चढाच्या आधीच गिअर खाली.

सिग्नलला गाडी उभी असताना गिअरच्या दांड्याला येणारी थरथर मात्र आहे ती आहे. तीन सिलिंडरचं इंजिन दोन टोकांवर आळीपाळीने झुलतं, तो त्याचा स्वभाव. चार सिलिंडरची सवय असेल तर टेस्ट ड्राइव्हला एसी लावून पाच मिनिटं उभ्या गाडीत बसा, मग ठरवा. सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणारी सोय मी बटणाने बंद ठेवतो. घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये दर अर्ध्या मिनिटाला ती कुडकुड नको वाटते.

दुसरी शिवी अॅव्हरेजवरून. कागदावर लिटरला २४.३५ किलोमीटर. माझा पहिल्या महिन्याचा हिशोब, टाकी फुल टू फुल, आला १३.८. नंतर बघितलं तर एका चाकात हवा जेमतेम २४ पीएसआय होती आणि मी महिनाभर तशीच गाडी पळवत होतो. शिवाय मेट्रोच्या कामात मानपाड्याला वीस मिनिटं उभं राहिलं तर पेट्रोल जळतं आणि किलोमीटर शून्य, त्याला इंजिन काय करणार? आता ऑफिसच्या रस्त्यावर १५.५ ते १६.५ मिळतो. नाशिक हायवेला एसी लावून ऐंशीने गेलो तेव्हा २१ मिळाला. यात ई२०चाही, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचाही, थोडा हात आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते, म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ६-७ टक्के तूट हिशोबातच येते. गाडी ई२०साठीच बनलेली आहे, त्यामुळे ती काळजी नाही.

तिसरी शिवी या फेब्रुवारीतली. सकाळी बेसमेंटमधून गाडी काढली तर रिक्षासारखी हलायला लागली आणि चेक इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. दिवा नुसता पेटलेला असेल तर सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. लुकलुकत असेल तर नेऊ नका. न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो भाग महागातला. मी तिथेच बंद केली. एका गॅरेजचा माणूस स्कॅनर घेऊन आला, कोड निघाला पी०३०२, दुसऱ्या सिलिंडरला मिसफायर, म्हणजे त्यात पेट्रोल नीट पेटत नाही. तीनातला एक गेला म्हणजे तिसरा हिस्सा ताकद गेली. त्याने तिन्ही कॉइल (ठिणगीसाठी वीज देणाऱ्या), तिन्ही प्लग आणि वायरिंगचा अख्खा संच असा अंदाज सांगितला. आकडा ऐकून बाबा खाली आले.

नंतर वॉचमनच्या ओळखीचा एक वायरमन आला. त्याने अख्खा संच वगैरे काही सांगितलं नाही. पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरची कॉइल आपसात बदलली आणि गाडी चालू केली. कोड दुसऱ्यावरच राहिला. "साहेब, कॉइल चांगली आहे, नाहीतर दोष तिच्याबरोबर पहिल्यावर गेला असता." मग मोबाइलचा टॉर्च मारून वायर बोटाने चाचपत गेला आणि एका जागी थांबला. वरचं आवरण कुरतडलेलं, आतलं तांबं तुटलेलं, बाजूला चार लेंड्या. तुकडा जोडून, सोल्डर करून, वर स्लीव्ह चढवून ६०० रुपये. तेव्हापासून दिवा लागलेला नाही.

सर्व्हिसबद्दल एकच. एका मेकॅनिकने "मुंबईची गरमी आहे, २०डब्ल्यू-४० टाका, जाड ऑइल चांगलं" असं सांगितलं होतं. ऐकू नका. या इंजिनाचं व्हीव्हीटी, म्हणजे व्हॉल्व्ह उघडायची वेळ बदलणारी यंत्रणा, ऑइलच्या दाबावर चालतं, मॅन्युअलात लिहिलेली पातळ ग्रेडच हवी.

वायरमनच्या सल्ल्याने बॉनेटमध्ये डांबराच्या गोळ्यांची पुरचुंडी बांधली आहे. एसी लावला की आत आजीच्या ट्रंकेसारखा वास येतो, बायकोला अजिबात खपत नाही. रविवारी रात्री बॉनेट उघडून बघायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलंय. गेल्या रविवारी त्यांना बॅटरीवर अर्धी सुकलेली चपाती सापडली.